सरांचा उभा आजा

माझ्यावर सगळ्यांत जास्त उपकार हरिणखेडे सरांचे आहेत. हे मी आईबाबांच्या देखत बोलतो आणि दोघेही मान हलवतात, त्यामुळे घरात त्यावर वाद नाही. आमच्या घराण्यातला मी पहिला पदवीधर. बी.ए.च्या कागदावर नाव माझं आहे, पण तो कागद मिळावा म्हणून सर उभे राहिले. आमच्या शेतात, खरोखरचे, पायांवर.

आमचं गाव इटियाडोहच्या कालव्यालगत. बारावीचा निकाल लागला आणि बाबांनी मला धानाच्या रोवणीला लावलं. कॉलेज गोंदियाला. तिथे राहायचं कुठे, खायचं काय, हे बाबांनी दोन वाक्यांत विचारून तिसऱ्या वाक्यात विषय संपवला. दुसऱ्या दिवशी सकाळी सर सायकलवर आले. त्यांनी चपला काढल्या, पँट दुमडली आणि आमच्या बांधीच्या धुऱ्यावर, म्हणजे भातखाचराच्या बांधावर, येऊन उभे राहिले. बोलले काहीच नाहीत.

"काऊन उभे राहून राहिले जी सर?" बाबांनी चिखलातून विचारलं.

सर गप्प.

"बसा ना जी. चहा बोलावतो."

सर गप्प. तासभर गेला, दोन तास गेले. रोवणीतल्या बाया आधी लाजल्या, मग हसायला लागल्या. दुपारी एक बगळा आला आणि सरांपासून हातभर अंतरावर तसाच उभा राहिला. "आता दोन सर झाले गा बाप्पा," एक बाई म्हणाली. बगळा कंटाळून उडून गेला. सर राहिले. शेवटी ऊन कलल्यावर बाबांनी हातातली धानाची पेंडी खाली टाकली.

"बसा जी सर आता. पोट्टा तुमचा. न्या गोंदियाले."

सर तिथेच, चिखलात, धपकन बसले. पाय गेलेच होते. बसल्या बसल्या खिशातून प्रवेशाचा अर्ज काढून म्हणाले, "हे लिहून द्या." बाबांना लिहिता येत नव्हतं. सरांनी त्यांचा चिखलाचाच अंगठा अर्जाच्या मागे उठवून घेतला. कॉलेजच्या बाबूने तो अर्ज उलटसुलट करून पाहिला आणि हा डाग कशाचा, असं विचारलं. "पुरावा आहे," सर म्हणाले.

पुरावा हा सरांचा श्वास होता. ते आम्हाला इतिहास शिकवायचे, पण कोणताही राजा पुराव्याशिवाय वर्गात येऊ शकत नसे. मुलांचंही तेच. एकदा एक पोरगा म्हणाला, "सर, मळमळते." सर म्हणाले, "पुरावा?" पोराने तिथल्या तिथे, पहिल्या बाकापुढे, भरपूर पुरावा दिला. सर मागे सरकले नाहीत. "ग्राह्य," म्हणाले आणि त्याला घरी सोडलं. टेलिफोनवर त्यांचा विश्वास नव्हता. पुढे मोबाइल आले तरी नव्हता. "फोनवरचं बोलणं धरत नाही. लिहून कळव," असं सांगून ते फोन ठेवून द्यायचे. तेवढं सांगायला मात्र फोन उचलायचे.

वर्ग गोंगाट करू लागला की ते ओरडत नसत. नुसते उभे राहत. पापणी हलत नसे. पाच मिनिटांत वर्गाला भीती वाटू लागायची की सरांना काही झालं तर नाही. एकदा तपासणीला आलेल्या साहेबांनी खुंटी समजून त्यांच्या हातावर छत्री अडकवली होती, असं सांगतात. मी हे पाहिलेलं नाही, त्यामुळे सरांच्या नियमाने ते धरू नये.

मी पाहिलेलं आहे ते त्यांचं बोट. डाव्या पायाच्या अंगठ्याशेजारचं बोट अंगठ्यावर चढून बसलेलं होतं, म्हशीच्या पाठीवर पोरगं बसावं तसं. सर वर्गात अनवाणी शिकवत आणि त्या बोटाकडे बघत आम्ही अर्धा इतिहास चुकवला. त्यांच्या डाव्या चपलेला त्यांनी चांभाराकडून खिडकी पाडून घेतली होती. हे बोट त्यांच्या वडिलांना होतं आणि मुलीला, छायाताईला, तर आहेच. तिच्या लग्नात मांडव थांबला तो हुंड्यापायी नाही, जोडव्यापायी. जोडवं घालायचं नेमकं त्याच बोटात, आणि बोट खाली उतरायला तयार नाही. दोन करवल्यांनी बोट धरलं, कासाराने जोडवं सरकवलं आणि भटजी म्हणाले, "चला, मुख्य विधी आटोपला."

सर निवृत्त होऊन गोंदियाजवळ कुडव्याला राहायला आले. मला गोंदियातल्या एका कार्यालयात बाबूची नोकरी लागली होती आणि मीही कुडव्यातच, त्यांच्यापासून दोन गल्ल्या सोडून, घर केलं. रोज संध्याकाळी तिथे चहा. त्यांच्या बैठकीत भिंतीवर वडिलांचा फोटो, आईचा फोटो, सरांच्या बायकोचा म्हणजे आमच्या काकूंचा फोटो आणि मधोमध एक रिकामी फ्रेम. काच होती, मागे काळा पुठ्ठा होता, आत कुणीच नव्हतं. नवीन पाहुणे त्यात पाहून केस नीट करत.

ती जागा सरांच्या आज्याची होती. फागू हरिणखेडे. सर तीन-चार वर्षांचे असताना आजा वारला, त्यामुळे सरांना आठवत होता तो फक्त कोऱ्या कापडाचा वास. वडील एवढंच सांगत की, बाबा गोंदियाले कापडाच्या दुकानात होते. दुकानात होते म्हणजे कोण होते, हे प्रत्येक नातेवाईक आपापल्या मगदुराप्रमाणे सांगे.

"मागच्या लग्नात आजा भागीदार होता," सर म्हणायचे. "या लग्नात मालक झाला. पुढच्या लग्नापर्यंत मिल काढते, पाहा तू."

एका पुतण्याने मोबाइलवर आज्याचा फोटो तयार करून आणला. पांढरी दाढी, पिळदार दंड, मागे उगवता सूर्य.

"हे कोण?"

"आजोबा जी."

"तुले कोनं सांगितलं?"

"मोबाइलने बनवून देल्लं."

सरांनी फोटो डोळ्यांजवळ नेला. "याच्या हाताला सहा बोटं काऊन आहेत?"

पुतण्याने चहा न घेता गाडी चालू केली.

हसण्याचा भाग वेगळा, पण सरांच्या मनाला ती फ्रेम लागली होती. मोतिबिंदू पिकत चालला होता, आणि एका डोळ्यात आणखी काही बिघाड होता. एका संध्याकाळी ते म्हणाले, "मेश्राम, डोळा जाऊन राहिला माझा. पूर्ण जायच्या आत आज्याचं तोंड पाहायचं आहे. खरं तोंड." त्यानंतर दर रविवारी माझी गाडी आणि मागे सर, असा आमचा इतिहास संशोधनाचा कारखाना सुरू झाला.

सहा-सात रविवार वाया गेले. मग जुन्या बाजाराच्या मागे रशीद चाचा सापडले. नव्वदी ओलांडलेले शिंपी. कान तेज, दात नाहीत, जवानी सगळी त्याच कापडाच्या दुकानासाठी शिवण्यात गेलेली. सरांनी वही उघडली.

"फागू हरिणखेडे नावाचे गृहस्थ..."

"फागू? अरे, फागू तो खड़ा रहता था."

"हो, पण दुकानात काय काम करायचे?"

"मैं बोला ना गुरुजी. खड़ा रहता था. वही काम था."

मग हळूहळू उलगडलं. गोंदियात तयार सदरे नवीन नवीन आले तेव्हा खेड्यातला माणूस त्यांना हात लावत नसे. माप न घेता शिवलेला सदरा म्हणजे कुण्या मेलेल्या माणसाचा सदरा, अशी पक्की समजूत. बायका म्हणत, घरात आणाल तर तो येईल मागत. शेठ हैराण झाला. शेवटी त्याने सडक अर्जुनीकडून कामाच्या शोधात आलेला एक सरळ बांध्याचा माणूस ठेवला, त्याला तयार सदरा घातला आणि दुकानाच्या दारात उभा केला. बघा, जिवंत माणसाच्या अंगावर आहे, श्वास चालू आहे. लोक जवळ येऊन नाकाखाली बोट धरून बघत. चिमटे काढत. कॉलर उलटी करत. फागूने हलायचं नाही आणि बोलायचं नाही, कारण बोलला की लोक सदरा सोडून त्यालाच गावाकडचं विचारत बसत.

"और नाप?" चाचा हसून हसून खोकले. "सब कुर्ते फागू के नाप के! हम लोग एक ही नाप काटते थे. मोटा आया तो सेठ बोलता, पहनो, कपड़ा खुलेगा. दुबला आया तो बोलता, खाओ, भर जाएगा. बाजार के दिन पूरे तालुके में फागू का कुर्ता घूमता था, बाँहें इतनी लंबी कि किसी की उँगली नहीं दिखती थी."

परतताना सर मागच्या सीटवर वही धरून बसले होते. मला वाईट वाटलं. मालक नाही, भागीदार नाही, दारात उभा केलेला माणूस. उड्डाणपुलावर त्यांनी माझ्या खांद्यावर थाप मारली. "थांबव गाडी."

मी थांबवली. सर कठडा धरून हसत होते, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत.

"मेश्राम, आज्याले नुसतं उभं राहायचा पगार होता गा! मले तेवढ्याच पगारात इतिहास पण शिकवावा लागला!"

त्या दुकानाचं आता काचेचं शोरूम झालं आहे. शेठचा पणतू मुन्नाशेठ गल्ल्यावर. दारात चार पुतळे, चौघांनाही डोकं नाही. "बिना मुंडी के सस्ते पड़ते हैं, गुरुजी," त्याने सांगितलं. सर त्या पुतळ्यांकडे पाहत उभे राहिले, व्यवसायबंधूंची दुर्दशा पाहावी तसे. मुन्नाशेठने गोदाम उघडलं आणि विजेच्या मीटरमागून जाड पुठ्ठ्यावर चिकटवलेला एक तपकिरी फोटो निघाला. दुकानाची पायरी. खुर्चीवर शेठ, बाजूला दोन मुनीम, आणि दारात लांब बाह्यांचा सदरा आणि धोतर घातलेला एक ताठ माणूस, हात बाजूला सोडलेले. खालच्या भागावर ओलीचे डाग.

सरांनी डोळा फोटोला टेकवलाच. मग म्हणाले, "नाक माझ्या बापाचं आहे."

मला राहवलं नाही. "सर, पुरावा?"

"गप्प बस," सर म्हणाले. आयुष्यात त्यांनी पुरावा सोडून दिला तो तेवढ्या एका वेळी.

मुन्नाशेठने फोटो दिला, पण परत आणायच्या अटीवर. त्यात त्याचेही पणजोबा होते. कुडव्याच्या स्टुडिओत मी त्यातला उभा माणूस मोठा करून घेतला. स्टुडिओवाला म्हणाला, कंबरेखाली डागच डाग आहेत, कापून टाकू. मी म्हटलं, काप. फ्रेम भरली; मूळ फोटो तिच्याखाली स्टुलावर ठेवला. रविवारी तीस-चाळीस नातेवाईक आले. हार, नारळ, उदबत्ती. सरांची चुलतबहीण झेलनबाई फोटोपुढे सगळ्यांत जास्त रडली. "माझ्या सपनात येतात ना, अगदी असेच!" फागूबाबाला तिनेही पाहिलेलं नव्हतं.

पाहुण्यांत रशीद चाचा होते. सरांनी त्यांना खुर्चीसकट फोटोपुढे नेलं. चाचांनी चष्मा पुसला, लावला, काढला, पुन्हा लावला.

"गुरुजी... ये फागू नहीं है. ये तो पुतला है."

उदबत्तीचा धूर तेवढा हलत होता.

"सेठ ने बाद में कलकत्ते से प्लास्टर का पुतला मँगाया था. मैंने खुद उसको कुर्ता पहनाया. देखो ना, नीचे वाले असली फोटो में सब थोड़ा-थोड़ा हिल गए हैं, सेठ भी, मुनीम भी. ये अकेला नहीं हिला. आदमी होता तो हिलता."

"मी पाया पडली ना बाप्पा त्याच्या!" झेलनबाई ओरडली.

"रडल्या पण," कुणीतरी आठवण दिली.

"आता हे नारळ?"

"खाऊन टाका. नारळाचा काय गुन्हा आहे?"

लोक हसत होते, तोंडावर रुमाल धरून. मी सरांकडे पाहिलं. सर हसत नव्हते. पुरावा त्यांच्याच पद्धतीचा होता, बिनतोड. त्यांनी स्वतः हार काढला, फोटो काढला आणि रिकामी फ्रेम परत खिळ्याला अडकवली. मग चाचांना हळूच विचारलं, "पुतळा आला, तर माझ्या आज्याचं काय झालं?"

"मालूम नहीं, गुरुजी. गाँव चला गया होगा."

लोक जिलेबी खाऊन गेले. सरांनी खाल्ली नाही. आजा मालक नव्हता याचं त्यांना काहीच वाटलं नव्हतं. पण उभं राहण्याच्या कामात एका प्लास्टरच्या बाहुल्याने त्याला हरवलं, हे त्यांना सहन झालं नाही.

पुढच्या आठवड्यात छायाताई त्यांना डोळ्याच्या ऑपरेशनसाठी नागपूरला घेऊन गेली, कायमचंच. सामानात ती रिकामी फ्रेम होती. गोंदिया स्टेशनवर सरांनी वर्तमानपत्रात गुंडाळलेला तो जुना फोटो माझ्या हातात दिला. "शेठले परत कर. पुतळा त्यांचा आहे." गाडी सुटायची वेळ झाली. आत खिडकीची जागा धरून छायाताई हाका मारत होती, "बाबा, बसा ना!" सर दारातच उभे, हात बाजूला सोडलेले. गाडी हलली. मी हात हलवला, त्यांनी नाही हलवला. डबा सिग्नलपलीकडे जाईपर्यंत ते तसेच दिसत होते. नंतर मी सरांना पाहिलं नाही.

ऑपरेशन चांगलं झालं. पुढे दीड वर्ष त्यांना स्वच्छ दिसत होतं. जातो जातो म्हणत माझ्याने जाणं झालं नाही, याची मला लाज वाटते. सर गेल्यावर छायाताईने मी त्यांना पाठवलेलं पत्र परत आणून दिलं. ते भिंतीवरच्या फ्रेमच्या मागे खोचलेलं होतं. समासात लाल शाईने जागोजागी बरोबरच्या खुणा आहेत. शेवटी सही, "ग्राह्य" हा शेरा आणि दहापैकी नऊ गुण. एक गुण मी तारीख टाकली नाही म्हणून कापला आहे. पत्र असं:

आदरणीय सर,

सविनय जयभीम. आपण फोनवरचं धरत नाही, म्हणून लिहून कळवतो.

फोटो परत करण्याआधी पूर्ण फोटोची एक नक्कल काढून ठेवावी म्हणून आज मी स्टुडिओत गेलो. त्याने फोटो कॉम्प्युटरवर मोठा केला आणि खालचे ओलीचे डाग पुसायला घेतले. पुसता पुसता म्हणाला, "भाऊ, पुतळ्याच्या पायाचं बोट वाकडं होऊन अंगठ्यावर चढलं आहे. सरळ करून देऊ का? एका मिनिटाचं काम आहे."

सर, मी त्याचा हात धरला. दुकानातले लोक बघायला लागले इतक्या जोरात धरला. पाय डावा आहे. बोट अंगठ्याशेजारचंच आहे आणि ते तसंच बसलं आहे, जसं वर्गात आम्ही रोज पाहत होतो. कलकत्त्याचा कोणता कारागीर असं बोट मुद्दाम करेल?

तरी एका पुराव्यावर थांबू नये, असं आपण शिकवलं आहे. मी तसाच रशीद चाचांकडे गेलो. त्यांना भिंगातून पाय दाखवले. त्यांनी बराच वेळ पाहिलं, मग कपाळावर हात मारला. म्हणाले, "या अल्लाह! पुतले को तो पैर ही नहीं थे. नीचे लोहे का डंडा था, धोती से छुपाते थे." पुढे म्हणाले, फोटोवाल्याने सगळ्यांना सांगितलं असेल की हलू नका. सगळे हलले. फागू नाही हलला. आणि एवढी वर्षं सोबत काम करून मी त्याला पुतळा म्हटलं, गुरुजींना माझी माफी सांगा. तो पुतळा पुढे पोळ्याच्या गर्दीत पडून फुटला आणि शेठने फागूला परत बोलावलं, असंही त्यांना पुसट आठवतं. पण तशी त्यांची खात्री नाही, म्हणून मी ते यात धरलेलं नाही.

सोबत जोडलं आहे: पूर्ण फोटो, बोटाचा वेगळा मोठा फोटो आणि चाचांची सही. मूळ फोटो मुन्नाशेठला परत केला. त्यानेही तो पाय पाहिला आणि दारातल्या चौघांकडे पाहून म्हणाला, हे चौघे मिळूनही एवढं उभं राहू शकत नाहीत.

आता फ्रेम लांब घ्यावी लागेल. मागच्या वेळी कंबरेखाली कापायला मीच हो म्हटलं होतं, ती चूक माझी. छायाताईला सांगा, हार असा घाला की पाय झाकले जाणार नाहीत. झेलनबाईंनाही कळवतो. त्यांचं रडणं वाया गेलेलं नाही.

सर, त्या दिवशी गाडीत जागा असून तुम्ही दारात उभे राहिलात. नागपूरपर्यंत तसेच गेलात, असं छायाताई म्हणाली. हे पत्र मी बाबांना वाचून दाखवलं. त्यांनी बोटाचा फोटो हातात घेऊन पाहिला, खूप हसले आणि शेवटी त्यांच्यातर्फे एक ओळ घालायला सांगितली. ती त्यांच्याच शब्दांत घालतो. खाली त्यांचा अंगठा आहे, या वेळी शाईचा.

बसा जी सर आता.

आपला विद्यार्थी,
सुधाकर मेश्राम